जुन्या डेस्कटॉपचे आतील भाग समजून घ्यायचे आहेत, मार्गदर्शन हवे

प्रश्न (खानापूर तालुका)
आमचा दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप सुरू व्हायला पाच-सहा मिनिटे घेतो. पावसाळ्यात आम्ही रात्री मेन स्विच बंद ठेवतो आणि सकाळी पाहावे तर संगणकाची तारीख मागे गेलेली असते. बेळगावच्या एका दुकानात मदरबोर्डच (सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) बदलावा लागेल असे सांगण्यात आले. एवढा खर्च करण्याआधी आतला कोणता भाग काय काम करतो, हे मुलीसोबत बसून समजून घ्यावे अशी इच्छा आहे. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) 4 जीबी आहे.

उत्तर (निपाणी)
ही लक्षणे मदरबोर्ड बदलण्याची वाटत नाहीत. वीज पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवतो तो मदरबोर्डवरचा नाण्यासारखा चपटा सेल, आणि तोच संपला असावा. त्यावर सीआर2032 असे लिहिलेले असते, म्हणजे व्यास 20 मिमी आणि जाडी 3.2 मिमी. संथपणाचे मूळ बहुधा हार्ड डिस्कमध्ये असेल. तिच्यातील चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेऱ्या घेत असतात आणि प्रत्येक फाईलसाठी माहिती वाचणाऱ्या हेडला योग्य जागी सरकावे लागते. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसल्याने हा वेळ वाचतो. माझ्या मते पहिला खर्च साटा (मदरबोर्डला डिस्क जोडण्याचा एक प्रकार) एसएसडीवरच करावा.

उत्तर (बेळगाव)
रॅम वाढवण्याआधी रॅमच्या पट्टीवरचे स्टिकर वाचावे. डीडीआर3 आणि डीडीआर4 हे रॅमचे वेगळे प्रकार आहेत; डीडीआर3 ला 240 आणि डीडीआर4 ला 288 पिना असतात, खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे पट्टी बसत नसल्यास जोर लावू नये. गेल्या आषाढात माझा संगणक नुसताच बीप देत होता. पट्टीची सोनेरी कड खोडरबराने हलक्या हाताने पुसल्यावर तो सुरू झाला. कॅबिनेट प्लग काढूनच उघडावे. एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणारा) डबा मात्र कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) विद्युतभार राहू शकतो. मुलीला हे आधी सांगावे.

प्रश्नकर्ता
सेल बदलला आणि आज सकाळी तारीख बरोबर होती. मुलीने स्टिकर वाचले, रॅम डीडीआर3 आहे. एसएसडी घेतल्यावर जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी ठेवावी का?

उत्तर (निपाणी)
अवश्य ठेवावी, दुसऱ्या साटा पोर्टला जोडता येईल. मात्र डिस्क दहा वर्षांची आहे, म्हणून फोटोंची एक प्रत बाहेर काढल्याशिवाय तिला हात लावू नये.