बेड्याशी कोण आले? वाटेवरच्या सेन्सरचे अनुभव

माझे आई-वडील दापोली तालुक्यातील आमच्या जुन्या घरात दोघेच राहतात. रस्त्यापासून घरापर्यंत साधारण ६० मीटरची वाट आहे, तिच्या दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा (बुटकी दगडी भिंत) आणि वर फणसाची व आंब्याची झाडे आहेत. गेल्या वर्षी मे महिन्यात एक अनोळखी माणूस भरदुपारी बेडे, म्हणजे वाटेच्या तोंडाशी असलेले आडव्या दांड्यांचे फाटक, ओलांडून थेट पडवीत येऊन उभा राहिला, तरी आतल्या खोलीत पडलेल्या दोघांनाही त्याची चाहूल लागली नाही. तो केवळ पत्ता विचारायला आला होता, म्हणून गोष्ट तिथेच संपली. मी मात्र ठाण्याला परतताच एक बिनतारी सेन्सर आणि घरात वाजणारी बेल मागवली आणि पुढच्या फेरीत स्वतःच ती बसवली.

पहिल्या आठवड्यात बेल दिवसातून तीस-चाळीस वेळा वाजली. मांजर, वाऱ्याने हलणारी आणि उन्हाचे कवडसे नाचवणारी फणसाची फांदी, गडग्यावरून उतरणारे वांदर, सगळ्यांनी तिला वाजवले. उलट वडील स्वतः बेड्यापासून सरळ चालत आले, तेव्हा ती अगदी खळ्याशी (घरापुढच्या अंगणाशी) पोहोचल्यावर वाजली. नवव्या दिवशी त्यांनी बेलचा प्लग काढून ठेवला आणि मला फोनवर शांतपणे सांगितले, ‘‘तुझी घंटा झोपली आहे, आता आम्हांला झोपू दे.’’

हा धागा त्यासाठीच आहे. आपल्या घराच्या, बंगल्याच्या, शेतातल्या वस्तीच्या वाटेवर कोणी आले की कळावे म्हणून आपण काय बसवले, ते कुठे फसले आणि पुढे काय बदलले, हे कृपया सविस्तर लिहावे. कोणत्या कंपनीचा माल चांगला, ही चर्चा टाळू या. जागा, हवामान आणि नेमके कोणाला ओळखायचे होते, एवढे कळले तरी पुरे आहे.

नाशिकहून, हेच काम करणारा

मी पंधरा वर्षे कॅमेरे आणि अलार्म बसवतो, त्यामुळे आपल्या वडिलांचा अनुभव मला अजिबात नवा नाही. आपण बसवलेला सेन्सर बहुधा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) असावा. तो स्वतः काही सोडत नाही; माणसाच्या, जनावराच्या किंवा तापलेल्या वस्तूच्या अंगातून निघणारी उष्णतेची किरणे तो फक्त टिपतो. त्याच्यापुढची पांढरी, खाचाखाचांची प्लास्टिकची भिंगपट्टी समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते, आणि एखादी उबदार वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की त्याला बदल जाणवतो. म्हणून जो माणूस त्याच्यासमोरून आडवा जातो तो लगेच सापडतो, आणि जो सरळ त्याच्याकडे चालत येतो तो बराच वेळ एकाच पट्ट्यात राहिल्यामुळे उशिरा सापडतो. आपण तो घराच्या भिंतीवर, वाटेच्या रेषेत बसवला असणार. तो गडग्याच्या बाजूला, वाट आडवी दिसेल असा लावून पाहावा.

ग्राहक दुकानात येतात तेव्हा पहिला प्रश्न रेंजचा असतो. खोक्यावर छापलेली बिनतारी रेंज मोकळ्या मैदानातील असते. मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती, पत्र्याची शेड किंवा स्लॅब आला की ती निम्म्यावरही येऊ शकते. त्यामुळे भिंतीला भोक पाडण्याआधी सेन्सर हातात धरून घरच्या माणसाने प्रत्यक्ष चालून पाहावे आणि दुसऱ्याने आत बेलशी उभे राहावे. ही चाचणी एकदा दुपारी आणि एकदा रात्री करावी, असे मी सांगतो, आणि दहांतले नऊ जण ती करत नाहीत.

फांदीचा त्रास कमी करण्याचा एक साधा उपाय आहे. भिंगपट्टीचा जो भाग त्या फांदीकडे किंवा रस्त्याकडे पाहतो, त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवावी. तेवढा पट्टा आंधळा होतो आणि बाकीचे काम चालू राहते. कोकणात आणखी एक शत्रू म्हणजे मुंग्या आणि पाली. वायर आत जाते ते भोक सिलिकॉनने बुजवले नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात सेन्सरच्या आत वारूळ होते, आणि भिंगाच्या अगदी जवळून चालणारा लहानसा किडाही त्याला मोठा वाटू शकतो.

वायरचा अलार्म घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सर्किट नेहमी ‘एनसी’ पद्धतीने, म्हणजे शांत असताना जोडलेले राहील असे करून घ्यावे. मग कोणी वायर कापली तरी सायरन वाजतो. उलट जोडणीत वायर कापली की यंत्रणा कायमची गप्प होते आणि मालकाला ते महिनोन् महिने कळतही नाही.

चंद्रपूरहून

आमच्याकडचा प्रश्न झाडांचा नाही, उन्हाचा आहे. एप्रिलच्या शेवटी आमच्या फाटकाजवळचा सेन्सर रात्री आठ ते अकराच्या दरम्यान कोणालाच ओळखेनासा झाला. मी स्वतः त्याच्यासमोरून तीन वेळा गेलो, तो ढिम्म. दुकानदाराने तो बदलून दिला, दुसराही तसाच निघाला. कारण नंतर समजले. हा सेन्सर उष्णता मोजत नाही, तर माणूस आणि त्याच्या मागची पार्श्वभूमी यांतील फरक पाहतो. माणसाची कातडी साधारण ३३-३४ अंशांवर असते, आणि दिवसभर ४५ अंशांत भाजलेली कंपाउंडची भिंत रात्री निवत निवत नेमक्या त्याच तापमानाला येऊन पोहोचते. त्या दोन-तीन तासांत माणूस भिंतीत विरघळून जातो. भरदुपारी, गंमत अशी की, तोच सेन्सर व्यवस्थित वाजत असे, कारण तापलेल्या भिंतीपुढे सावलीतून येणारा माणूस थंड ठरतो.

यावर मी जी चूक केली ती इतरांनी करू नये. मला ‘ड्युअल’ सेन्सर सुचवण्यात आला, ज्यात उष्णतेबरोबर मायक्रोवेव्हही असते. मला वाटले, एक चुकला तर दुसरा पकडेल. प्रत्यक्षात अशा बहुतेक सेन्सरमध्ये दोघांनीही होकार दिला तरच अलार्म होतो. खोटे अलार्म कमी व्हावेत म्हणून ती रचना असते. त्यामुळे पहिला आंधळा असताना दुसऱ्याने पाहून काहीच उपयोग नव्हता, आणि मी दुप्पट पैसे देऊन तेच दुखणे घरी आणले. पुढे नुसते मायक्रोवेव्हचे लावून पाहिले, तर ते प्लास्टिकच्या पत्र्यापलीकडून जाणाऱ्या मोटारसायकलींनाही मोजू लागले. अखेर फाटकालाच चुंबकाचा स्विच बसवला, जसा कपाटाच्या दारांना असतो: फाटक उघडले की बेल. फाटकावरून उडी मारणारा त्यातून सुटेल, हे मला मान्य आहे, पण उन्हाळ्यात तो एकटाच विश्वासाने काम करतो.

जुन्नर तालुक्यातून

आमची वस्ती उसाच्या मधोमध आहे. आमच्याकडे चोरापेक्षा बिबट्याची भीती मोठी, आणि माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात असल्यामुळे ही भीती पुस्तकी नाही, हे वेगळे सांगायला नको. शेतीपंपाची वीज पाळीने रात्री येते, तेव्हा मोटर चालू करायला घराबाहेर पडावे लागते, आणि गोठ्यात शेळ्या असतात.

बाकीच्यांना कुत्रे-मांजर वगळणारा सेन्सर हवा असतो. आम्हांला नेमका उलटा हवा होता. जो सेन्सर विशिष्ट वजनाखालच्या पाळीव जनावराकडे दुर्लक्ष करतो, तो सात-आठ फुटांवर बसवल्यावर जमिनीलगतचा भाग मुद्दामच कमी पाहतो, आणि बिबट्या तर जमिनीला चिकटूनच येतो. शिवाय तो पुष्कळदा कुत्र्याच्याच मागावर वस्तीवर येतो, म्हणजे कुत्रा सैरावैरा धावला तरी ती आमच्या दृष्टीने कामाचीच बातमी. आम्ही दोन साधे सेन्सर जमिनीपासून अडीच फुटांवर, गोठ्याच्या दोन कोपऱ्यांवर लावले, आणि प्रत्येकाला वेगळा सूर दिला. उसाकडचा सूर वाजला की आम्ही बाहेर पडत नाही, आधी आतूनच बटन दाबून गोठ्यावरचा फोकस लावतो.

बाहेर मोठा हूटर लावावा का, यावर घरात बरीच चर्चा झाली. धाकट्या भावाचे म्हणणे, हूटरने जनावर पळेल. माझ्या मते, ज्या गोठ्याला एकच तोंड आहे तिथे आत शिरलेल्या जनावराला दचकवणे शहाणपणाचे नाही. बेल घरातच ठेवली आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक तिच्यावरच लिहून चिकटवला. महिन्यातून दहा-बारा वेळा ती विनाकारण वाजते, पण इथे त्याची तक्रार कोणी करत नाही. खोटा अलार्म किती सोसायचा, हे खरा अलार्म किती जिवावरचा आहे त्यावर ठरते.

न्यू जर्सीहून

आमच्या घराच्या मागच्या रानातून हरणांचे कळप रोज संध्याकाळी ड्राइव्हवेवर येतात आणि रात्री रकून कचऱ्याच्या डब्यांपाशी. पीआयआरवाली बेल आम्ही पंधरा दिवसांत परत केली. त्याऐवजी जमिनीत पुरायचा चुंबकीय प्रोब घेतला. लोखंडाचा मोठा गोळा, म्हणजे मोटार, जवळून गेला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जो किंचित बदल होतो तो हा प्रोब ओळखतो. हरीण, पाऊस, बर्फ, पाचोळा, कशाचेच त्याला सोयरसुतक नाही. मात्र तो ड्राइव्हवेच्या कडेला, गाडीपासून तीन-चार मीटरांच्या आत असावा लागतो, गाडी हलती असावी लागते, आणि केबल पाइपमधून न्यावी लागते, नाहीतर गवत कापताना ती तुटते. आमची एकदा तुटली.

त्याची मर्यादाही स्वच्छ आहे. रस्त्यावर गाडी थांबवून चालत येणारा माणूस त्याला दिसतच नाही. आमच्या दारातून एक पार्सल गेले ते तसेच गेले. पण आई-बाबा सहा महिने येतात आणि आम्ही दोघेही कामावर असतो, तेव्हा ‘गाडी आली’ एवढे कळणेच त्यांना पुरेसे वाटते.

सासऱ्यांना ते यंत्र इतके आवडले की त्यांनी साताऱ्याला न्यायचे ठरवले. मी त्यांना आग्रहाने थांबवले. इथली अशी पुष्कळ यंत्रे ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि तो पट्टा भारतात परवान्याशिवाय वापरण्यासाठी खुला नाही. तिकडे ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा त्यासाठी आहे. शिवाय घरातल्या बेलचा अडॅप्टर १२० व्होल्टचा होता. परदेशातून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांकडून अशी वस्तू मागवण्याआधी खोक्यावरचे हे दोन आकडे अवश्य वाचावेत.

पाचगणीहून

आम्ही दुसऱ्याच्या बंगल्याची देखभाल करतो. मालकांनी फाटकाच्या दोन खांबांवर बीम बसवली होती: एका खांबातून अदृश्य किरण निघतात, समोरच्यात पोहोचतात, आणि मध्ये कोणी आले की अलार्म होतो. दोन किरण एकाच वेळी तुटावे लागत असल्यामुळे पाखरू किंवा पान आडवे गेले तरी ती गप्प राहते. उन्हाळ्यात तिच्याइतकी शहाणी वस्तू नाही. जुलैत मात्र धुके खाली उतरले की समोरचा खांबच दिसेनासा होतो, किरण तिकडे पोहोचत नाहीत आणि यंत्राला वाटते की फाटकात कोणीतरी उभेच आहे. पहिल्या पावसाळ्यात सायरन एकदा सलग दोन तास वाजला आणि शेजारच्या बंगल्यातील पाहुणे तक्रार घेऊन आले.

चूक निवडीत होती. २८ मीटरच्या अंतरासाठी ३० मीटरची बीम घेतली होती, म्हणजे धुक्यासाठी काही शिल्लकच ठेवली नव्हती. आता त्याच अंतराला १०० मीटर क्षमतेची आहे आणि अगदी दाट धुक्याचे काही दिवस सोडले तर ती तग धरते. खांबही बदलावे लागले. पातळ पाइप वाऱ्याने किंचित कलला तरी नेम चुकत असे. कोळ्याची जाळी मात्र दर आठवड्याला हातानेच पुसावी लागतात.

बार्देशहून

आमच्या घरी दोन कुत्रे आहेत. कोणताही सेन्सर त्यांच्याआधी वाजला, असे तीन वर्षांत एकदाही झालेले नाही. फक्त पावाचा सायकलवाला आणि चोर यांतला फरक ते सांगत नाहीत, कारण त्यांचे वैर पाववाल्याशीच अधिक आहे.

पुणे, रो-हाउस

आम्ही सूर्यप्रकाशावर चालणारा, माणूस आला की आपोआप लागणारा दिवा लावला आणि तिथेच थांबलो. बेल नाही, ॲप नाही. जिन्याखालच्या अंधारात उभे राहणारे लोक उभे राहीनासे झाले. श्रावणात सलग ढगाळ दिवस आले की तो मध्यरात्रीनंतर मंदावतो, इतकेच.

पुन्हा दापोली

सर्वांचे मनापासून आभार. गणपतीला गेलो तेव्हा नाशिकच्या सूचनेप्रमाणे सेन्सर भिंतीवरून काढून बेड्याच्या आत दहा पावलांवर, गडग्याला आडवा लावला, भोक बुजवले आणि फणसाकडच्या भागावर टेप चिकटवली. बेड्याच्या दांड्याला चंद्रपूरसारखा चुंबकाचा स्विचही बसवला आणि जुन्नरचे ऐकून दोघांना दोन सूर दिले. नुसते बेडे वाजले तर दूधवाला बाटली ठेवून परत गेला. बेडे आणि लगेच दुसरा सूर वाजला तर कोणीतरी वाटेने घराकडे येत आहे, हे आईने दोन दिवसांत पाठ केले. वडिलांनी तीन आठवड्यांत प्लग काढलेला नाही. बेल आता दिवसाला सहा-सात वेळा वाजते, आणि त्यातली एखादीच मांजराची असते.

वांदर मात्र या हिशेबात आलेच नाहीत. ते वाटेने येत नाहीत, झाडावरून थेट कौलांवर उतरतात, आणि त्यांच्यासाठी आई अजूनही पडवीत गलोल जवळ ठेवते.