मोरीस बेजार: बॅलेतला क्रांतिकारक की नुसता शोमन?

तिरकिटधा:
मला तरी बेजारला उगाच डोक्यावर घेतलंय असं वाटतं. फ्रेंच नृत्यदिग्दर्शक, मार्सेलचा माणूस, जन्म १९२७, खरं आडनाव बर्जे, आणि 'बेजार' हे जुन्या फ्रेंच नाटककार मोलिएरच्या बायकोच्या माहेरचं नाव उचललेलं, म्हणजे नाटकीपणा तिथूनच सुरू. त्याचं सगळ्यात गाजलेलं 'बोलेरो' घ्या. लाल गोल टेबल, वर एकजण, भोवती घोळका आणि पंधराएक मिनिटं गुडघ्यातून हेलकावे. राव्हेलचं संगीतच असं चढत जातं की टेबलावर कोणालाही उभं करा, टाळ्या पडणारच. हॉल भरले हे मान्य, पण नाच किती पुढे नेला ते सांगा.

पाचवी_रांग:
कोणालाही उभं करा?? अहो स्टेप्स सोप्या आहेत म्हणूनच तर लपायला जागा नाही. सुरुवातीला अंधारात फक्त एक हात दिसतो, मग हळूहळू पूर्ण माणूस. १९६१ ला ब्रसेल्समध्ये टेबलावर दुश्का सिफनिओस होती, भोवती पुरुष. पुढे १९७९ ला तीच भूमिका खॉर्खे डॉन या पुरुष नर्तकाला दिली तर अख्ख्या नाचाचा अर्थच फिरला, आणि स्टेप्स त्याच हां. फ्रेंच बॅलेरिना सिल्व्ही गिलेमनं ३१ डिसेंबर २०१५ ला टोकियोत निरोप घेतला तो हेच नाचून. जिला काहीही जमायचं तिनं शेवटाला हे निवडलं, याचा थोडा विचार करा. संगीतच सगळं करतं म्हणताय ना, मग एकदा आवाज बंद करून बघा.

तिरकिटधा:
आवाज बंद केला तर झोप लागेल, तेच तर म्हणतोय 😄

चष्मेवाला:
बोलेरोवरच कशाला अडकलात, १९५९ चं 'साक्र द्यु प्रँतां' (वसंताचा विधी) बघा. स्ट्राविन्स्कीचं तेच संगीत ज्याच्यावरून १९१३ ला पॅरिसमध्ये राडा झाला होता. ब्रसेल्सच्या मोने थिएटरचा डायरेक्टर उइसमान यानं बेजारला बोलावलं, तिथले नर्तक पुरेनात म्हणून दुसऱ्या दोन कंपन्यांचे आणून मिळवले. मूळ गोष्टीत मुलीचा बळी जातो, यानं बळी काढूनच टाकला, शेवटी स्त्री-पुरुषाचं मीलन. आणि पुरुषांचा आख्खा कळप स्टेजवर, नुसता नायिकेला उचलायला नाही तर स्वतःच्या जोरावर नाचणारा. ते इतकं चाललं की १९६० ला त्यातूनच 'विसाव्या शतकाचा बॅले' ही कंपनी उभी राहिली. फ्रेंच माणूस, पण मोठा झाला बेल्जियममध्ये.

नट्टुवांगम:
पुरुष नर्तकांचं पटतं, पण त्याचं भारतप्रेम मला कधीच झेपलं नाही. १९६८ चं 'भक्ती' घ्या, राम-सीता, कृष्ण-राधा, शिव-शक्ती असे तीन भाग, संगीत आपलं, आणि नाच म्हणजे बॅलेच्याच लाईन्सना वरून हस्तमुद्रा जोडलेल्या. मी भरतनाट्यम शिकलेय म्हणून जास्त खुपत असेल, पण मुद्रेमागे नजर जायला हवी, नजरेमागे भाव, ते कुठेच नाही. शिव-शक्तीचा भाग दिसायला देखणा आहे, तेवढंच. नंतर त्यानं काढलेल्या नृत्यशाळांची नावंसुद्धा 'मुद्रा' आणि 'रुद्र'! १९७३ ला माणसानं इस्लाम स्वीकारला, मग जपान वगैरे, सगळीकडून थोडंथोडं.

तिरकिटधा:
+१. अमेरिकन समीक्षक त्याला झोडपायचे ते उगाच नाही. न्यूयॉर्कचा नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिन, त्याच्याकडून निघालेली नर्तकी सुझान फॅरेल १९७० ला याच्याकडे आली खरी, पण काही वर्षांनी परत गेलीच ना.

पाचवी_रांग:
समीक्षकांना काय, गर्दी दिसली की त्यांचं तोंड वाकडं. तो बॅले ऑपेरा हाउसमधून बाहेर काढून सर्कसच्या इमारतीत, स्पोर्ट्स हॉलमध्ये घेऊन गेला. बीथोव्हेनची नववी सिंफनी घेऊन १९६४ ला कोरस, ऑर्केस्ट्रा, नर्तक सगळे एकत्र आणले. आणि नुसता शोमन असता तर १९६८ ला लिस्बनमध्ये शोनंतर नुकत्याच खून झालेल्या अमेरिकन नेत्यासाठी, रॉबर्ट केनेडीसाठी, शांतता पाळायला लावून वर हुकूमशाहीविरुद्ध बोलला नसता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या सरकारनं लगेच देशाबाहेर काढलं त्याला.

नट्टुवांगम:
धाडस होतं, नाही कोण म्हणतं. पण त्यानं 'भक्ती' चांगलं होत नाही.

चष्मेवाला:
शाळेच्या नावावरून हसायच्या आधी शाळेतनं कोण निघालं ते बघा की. ब्रसेल्सची 'मुद्रा' १९७० ची, तिथं नुसता बॅले नव्हता, ताल शिकवायला शिरेनसारखा माणूस होता. आन तेरेसा द केर्समाकर तिथली, मागी मारँ तिथली, दोघी आज नावाजलेल्या नृत्यदिग्दर्शिका. १९७७ ला सेनेगलचे अध्यक्ष सेंघोर यांच्या पाठिंब्यानं तिथल्या डाकारला दुसरी शाळा काढली ती जर्मेन अकोनीनं चालवली, आणि बेजारचे वडील मुळात सेनेगलमध्ये जन्मलेले, त्यामुळे ते काही टुरिस्टी प्रेम नव्हतं. पुढे १९८७ ला मोनेचा तेव्हाचा डायरेक्टर मोर्तिए याच्याशी बिनसलं आणि गडी सगळं उचलून स्वित्झर्लंडमधल्या लोझानला गेला, २००७ ला वारला तोपर्यंत तिथेच.

तिरकिटधा:
पण यातली एक तरी त्याच्यासारखं नाचते का? द केर्समाकर बघून बेजार आठवतो कुणाला?

चष्मेवाला:
मला आठवतो. तिचं १९८२ चं 'फाझ' बघा, स्टीव्ह राइशच्या संगीतावर त्याच त्या हालचाली मिनिटंच्या मिनिटं, अगदी बारीक फरकानं पुढे सरकणाऱ्या. भडकपणा काढून टाकलेलं बोलेरोच आहे ते. की तेही कंटाळवाणं म्हणणार?

तिरकिटधा:
हो, म्हणणार. बिनधास्त म्हणणार.