बीटा-कॅरोटीनची गोळी निरुपद्रवी नाही
‘अँटीऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणाऱ्या) गोळ्यांनी फायदा नाही झाला तरी तोटा काहीच नाही’, असं काही जण म्हणतात; हे मत पटलं नाही. बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला नारिंगी रंग देणारं द्रव्य, हे असंच एक अँटीऑक्सिडंट. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून जास्त पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्के जास्त! अमेरिकेतला असाच प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. त्यामुळे घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांना ही गोळी नकोच. गाजर खुशाल खा, थोड्या तेला-तुपात परतून; स्निग्धाशिवाय कॅरोटीन नीट शोषलं जात नाही. सेलेनियम या खनिजाची गोळीही अशीच निरुपद्रवी नाही. ते शरीरातल्या एन्झाइमचा (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचा) भाग म्हणून काम करतं, पण जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.