गोवा ७०.३ : समुद्रात दिशा चुकते, सायकलवर पोट बिघडते. काय सुधारू?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मिरामारच्या आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉनची तयारी चालू आहे (१.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणे). २५ मीटरच्या तलावात १.९ किमी ४८ मिनिटांत होतात. मोकळ्या पाण्यात मात्र साठ मिनिटं उलटून जातात आणि घड्याळ २.२ किमी दाखवतं. पोहण्याची मुदत ७० मिनिटं, त्यामुळे हाताशी फार वेळ उरत नाही. दुसरी अडचण पोटाची. साठेक किमीनंतर पोट फुगतं, मळमळतं आणि पुढे धावताना काहीच खाल्लं जात नाही. तासाला दोन एनर्जी जेल (पुडीतलं घट्ट गोड खाणं), एनर्जी ड्रिंकची एक बाटली आणि मिठाच्या गोळ्या असा बेत आहे. नेमकं कुठे चुकतंय?

खाडीपलीकडे:
पोहण्याचं सांगतो. १.९ किमी म्हणजे २५ मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या, आणि ७५ वेळा भिंतीला पाय मारून मिळणारे चार-पाच मीटर फुकट. समुद्रात ते नाहीत. त्यात तुम्ही ३०० मीटर नागमोडी जाताय. म्हणजे वेग वाढवण्याआधी रेघ सरळ करा, तिथेच सात-आठ मिनिटं आहेत.

आधी चाचणी घ्या. तलाव रिकामा असताना डोळे मिटून १५ हात मारा आणि कुठल्या बाजूच्या दोरीला लागता ते बघा. एकाच बाजूने श्वास घेणाऱ्यांचा पुढचा हात श्वासाच्या वेळी डोक्यासमोरून पलीकडे जातो आणि शरीर वळतं. हात घड्याळातल्या ११ आणि १ वर पाण्यात घालायचे, मध्यरेषेवर नाही. सरावात दर तीन हातांनी श्वास घ्या, म्हणजे दोन्ही बाजू बसतील.

समोर बघताना मगरीसारखे फक्त डोळे वर. तोंड बाहेर काढून समोरच श्वास घेतलात की कंबर बुडते आणि पाय ब्रेकसारखे लटकतात. पुढचा हात किंचित दाबा, डोळे बाहेर, झटकन बघा, मग मान बाजूला वळवून श्वास. सहा-आठ हातांनी एकदा पुरे. लाटेच्या खोलगटात बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसणारच नाही. अशा वेळी डोकं वर धरून शोधत बसू नका, दोन हात मारून लाटेच्या माथ्यावर पुन्हा बघा.

मिरामार पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी किनाऱ्याकडे परतताना ऊन थेट डोळ्यांत येतं आणि बोया काळा ठिपका होतो. गडद काचेचा गॉगल घ्या. आदल्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून उंच इमारत किंवा झाडांचा ठळक शेंडा हेरून ठेवा. मांडवीचं मुख शेजारीच असल्याने भरती-ओहोटीची वेळही बघून ठेवा. प्रवाह आडवा असेल तर बोयावर नेम धरू नका, प्रवाह जिकडून येतोय तिकडे थोडं वर धरा.

सरावाला एकट्याने तळ्यात किंवा समुद्रात उतरू नका, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. सोबत होडी हवी आणि कमरेला भडक रंगाचा फ्लोट.

चढण_आवडते:
वेटसूटवर (पोहताना घालायचा रबरी पोशाख) खर्च करू नका. स्पर्धेत क्रमांकासाठी तो २४.५ अंशांपर्यंतच चालतो आणि गोव्याचं पाणी त्याहून बरंच कोमट असतं. मान आणि काखा मिठाने सोलवटतात, तिथे व्हॅसलिन लावा. पण हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून लावा. तेच बोट गॉगलला लागलं की काच धुरकट होते आणि समुद्रात ती पुसता येत नाही.

मीठभाकर:
आता पोट. तुमचा हिशोब मांडू. जेलमध्ये साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं, दोनचे ५०. वर बाटलीतले ३५-४०. तासाला जवळजवळ ९०, तेही उन्हात आणि सवय नसलेल्या पोटात. शिवाय जेल एनर्जी ड्रिंकबरोबर गिळलं की पोटातलं द्रावण फार घट्ट होतं. ते पातळ करायला शरीर आतड्यात पाणी ओढतं, तेच फुगणं. उकाड्यात रक्त त्वचेकडे वळलेलं असल्याने पोट आधीच हळू रिकामं होतं. त्यात सकाळी गिळलेलं समुद्राचं पाणी आणि मिठाच्या गोळ्या.

बदल असा करा. सायकलवर बसल्यावर पहिली १५-२० मिनिटं फक्त साधं पाणी, घोट-घोट. मग ५०० मिलीत ३०-४० ग्रॅम कर्बोदकं, यापेक्षा घट्ट नको. जेल घेतलं तर वर साधं पाणी १५०-२०० मिली. सरावात तासाला ४० ग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला ५-१० वाढवत ६० पर्यंत या.

पाणी किती, ते वजनावरून ठरवा. एक तास सायकल, आधी आणि नंतर अंग पुसून, कपडे काढून वजन. ६८.० चे ६७.१ झाले आणि मधे ५०० मिली प्यायलात, तर घाम तासाला १.४ लिटर. सगळा भरून काढायचा नाही, ८००-९०० मिली बास. वजन वाढलं तर पिणं जास्त होतंय. नुसतं पाणी ढोसून सोडियम विरळ झाल्यावर डोकं दुखतं, बोटं सुजतात, उलट्या होतात. लोक त्याला डिहायड्रेशन समजून अजून पाणी पाजतात. हे जीवघेणं आहे.

चढण_आवडते:
मिठाच्या गोळ्यांऐवजी ओआरएस सोपं नाही का? कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं.

मीठभाकर:
सोपं आहे, पण ते मिठासाठी, अन्न म्हणून नाही. एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, सोडियम एकूण साधारण १७०० मिग्रॅ, आणि ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. पूर्ण लिटरमध्येच कालवा, कमी पाण्यात नको. एका बाटलीत हे, दुसरीत एनर्जी ड्रिंक, गोळ्या बंद. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, पाठीमागचं लेबल वाचा. जेल नको वाटेल तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा चालतो. चिक्की टाळा, धाप लागलेली असताना तिचा चुरा घशात अडकतो.

गोदाकाठ:
मनापासून आभार. दोन बाटल्या फ्रेमवर आणि एक सीटमागे अशी सोय आहे. ओआरएस कुठे ठेवू?

खाडीपलीकडे:
फ्रेमवर. गतिरोधकाच्या पट्ट्यांवर सीटमागची बाटली सर्वांत आधी उडते, आणि मिठाची बाटली गेली तर बेतच गेला. बाटली अडकवायच्या पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या, बाटली घट्ट बसते. मग भरलेली बाटली लावून खडबडीत रस्त्यावर एकदा चालवून बघा. रिकाम्या बाटलीने काही कळत नाही.