‘ऑइल सिस्टिम प्राइम करणे’ : मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

वडिलांच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन नव्याने बांधायला घेतलंय. कामाच्या पायऱ्या मी मराठीत लिहून काढतेय आणि ‘चालू करण्याआधी ऑइल सिस्टिम प्राइम करा’ इथे अडले. ‘पूर्वसिद्ध करणे’ असं लिहिलं होतं, पण हातात पाना घेतलेल्या माणसाला त्यातून काहीच कळणार नाही. ‘वंगण घालणे’ चालेल का?

उत्तर

ताई, ‘वंगण घालणे’ नको. वंगण आपण बाहेरून, हाताने घालतो. बैलगाडीच्या आसाला, दाराच्या बिजागरीला. इंजिन बांधताना बेअरिंगला आणि कॅमला बोटाने ऑइल फासतात, तेही ‘लावणे’च. प्राइम करताना मात्र ऑइल पंपाने ओढून आतल्या वाटांनी जायला हवं.

त्यासाठी विहिरीवरचा पंप आठवा. फुटव्हॉल्व्हमधून (आमच्याकडे सगळे त्याला ‘फुटबॉल’च म्हणतात) पाणी उतरून गेलं की मोटार नुसती फिरते. मग नरसाळं लावून बादलीने पाणी ओततात, बुडबुडे थांबेपर्यंत. याला शेतकरी ‘पंप भरून घेणे’ म्हणतो. पंप लागला की ‘पाणी उचललं’, बिघडला की ‘पाणी सोडलं’. प्राइम होणं आणि प्राइम जाणं, दोन्हींना आपल्याकडे रोजची क्रियापदं आहेत.

इंजिनात तेच होतं. बांधून आलेल्या इंजिनाचा पंप कोरडा, फिल्टर रिकामा, ब्लॉकमधल्या वाटा धुऊन, हवा मारून साफ केलेल्या. कोरडा पंप फिरला तरी फटींतून हवा मागे निसटते, ओढ धरत नाही. आत ऑइल असलं की त्या फटी बुजतात आणि पंप चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल उचलतो. म्हणून पहिलं काम ‘पंप भरून घेणे’. दुसरं ‘ऑइल चढवून घेणे’, म्हणजे फिल्टर, क्रँकची बेअरिंगं, कॅम असं करत पार वर, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत. इंग्रजीत एका शब्दात दोन्ही उरकतात. मराठीत ती वेगळी लिहिलेली बरी, कारण माणूस पहिलं करतो आणि दुसरं विसरतो.

आणि ते ‘घेणे’ गाळू नका. ‘पंप भरा’ हा नुसता हुकूम झाला. ‘भरून घ्या’ म्हटलं की पुढचं काम सुरू व्हायच्या आत, आपल्या सोयीसाठी, हे आलंच. ‘प्राइम’मधला ‘आधी’ आपल्याकडे या ‘घेणे’त बसलाय.

हे इतकं कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. आमच्या एका गाडीचं इंजिन बांधून झालं आणि घाईत तसंच चालू केलं. रॉकरची खडखड ऐकून बंद करेपर्यंत मिनिटही गेलं नसेल. चेंबर उतरवल्यावर बेअरिंगच्या शेलवरचा राखाडी थर पुसून खालचा तांबूस रंग वर आलेला दिसला. क्रँक पुन्हा ग्राइंडिंगला. दुसऱ्यांदा उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, टॅपेट कव्हर उघडं ठेवलं आणि मला सेल्फ मारायला बसवलं. ते रॉकरवर वाकून बघत होते. आधी एका भोकाशी ऑइलचा बारीक थेंब फुगला, मग ओघळला. “चढलं!” एवढंच म्हणाले. तो शब्द मी कोशात शोधायला गेलो नाही.

आणखी एक

पटलं. एक भर. अमेरिकन शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये (1955 पासूनचं इंजिन) ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या) दांड्याने फिरतो. डिस्ट्रिब्युटर काढून तिथून ड्रिलने पंप फिरवला की क्रँक न हलवता ऑइल चढतं. अ‍ॅम्बेसेडरच्या 1489 सीसीच्या पेट्रोल इंजिनात पंपाला कॅमवरून वेगळा दांडा आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. व्हिडिओ बघून ‘ड्रिल लावा’ असं लिहू नका.

शब्दाचंही एक सांगतो. बंदुकीच्या ‘प्रायमिंग’ला मराठीत जुना नेमका शब्द आहे, ‘रंजक’. तोफेच्या कान्यात (बत्ती द्यायच्या भोकात) घालायची ती चिमूटभर बारीक दारू. आधी रंजक, मग बत्ती. इंजिनासाठी तो ओढूनताणून आणायला नको, पण ही कल्पना आपल्याला नवी नव्हती हे कळतं.

प्रश्न विचारणारी

मग असं लिहिते : ‘पंपात तेल भरून घ्या. प्लग काढून, रॉकरवर तेल चढेपर्यंत सेल्फ मारा. मगच इंजिन चालू करा.’

उत्तर

छान. दोनच दुरुस्त्या. ‘तेल’च्या जागी ‘इंजिन ऑइल’ लिहा, जुने ड्रायव्हर पेट्रोल-डिझेललाही तेलच म्हणतात. आणि सेल्फ सलग मारायचा नाही, थोडा मारून थांबायचं, नाहीतर तो तापून जळेल. ‘चढेपर्यंत, थांबून थांबून’ असं करा. बराच वेळ ऑइल प्रेशरचा काटा हललाच नाही तर पंपाने ऑइल उचललेलं नाही, पुन्हा भरून घ्यायचा.