प्रतिसाद: गादीच्या पेटीसाठी प्लायच घ्या

ताई, झाकणावर गादी असलेल्या बसायच्या पेटीला वर कापड येणार, आतलं काही दिसणार नाही, मग पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेली फळी) चालेल का, असं विचारलंत. कृपा करून नको! झाकण रोज उघडणार, माणसं वर बसणार; बिजागरीचे स्क्रू त्यात लवकर सैल होतात आणि भुसा सुटायला लागतो. कडेला स्टेपलच्या पिनाही नीट धरत नाहीत.

पेटीला आणि झाकणाला १८ मिमी प्लाय घ्या, तळाला १२ पुरे. कोरड्या खोलीत आयएस ३०३ (साध्या वापराच्या प्लायचं भारतीय मानक) चा एमआर, म्हणजे थोडा दमटपणा सोसणारा प्लाय चालतो. कोकणातला पावसाळा किंवा ओल येणारी भिंत असेल तर आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) चा बीडब्ल्यूपीच, म्हणजे उकळत्या पाण्यातही थर न सुटणारा. प्लायवर मानकाचा शिक्का बघाच, आणि कापलेली कड निरखा: थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर तो तुकडा परत करा. झाकणाला फोमखाली चार भोकं पाडा, बसताना हवा निघून जाते.