विषय: राज्य बदललं, आता गाडीची फुकट सर्व्हिस कोण करणार?

नमस्कार मंडळी,
आम्ही मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनहून नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला आलो. गाडी तिकडेच घेतलेली, नवी कोरी. दोन वर्षं सर्व्हिसला पैसे पडणार नाहीत, असं तेव्हा सांगितलं होतं. काल इथल्या डीलरकडे दहा हजार मैलांची सर्व्हिस करायला गेलो. माझा कागद बघून तो म्हणाला, "हे न्यू जर्सीचं आहे, आमच्याकडे चालत नाही." गाडी तशीच परत आणली. कुणाला हा अनुभव आहे का?

---

अरे, आधी सांग, कागदावर वर नाव कुणाचं आहे? गाडीच्या कंपनीचं की डीलरचं? सगळं त्यावर आहे.

कंपनीची फुकट सर्व्हिस गाडीला चिकटलेली असते, दुकानाला नाही. टोयोटाची २ वर्षं किंवा २५,००० मैल, २०२३ च्या मॉडेलांना ह्युंदाईची ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, होंडाची २ वर्षं किंवा २४,००० मैल. जे आधी संपेल ते. तुझ्या नंबर प्लेटवर कुठलं राज्य आहे याच्याशी तिचा संबंध नाही. १७ अक्षरी व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकला की त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत डीलरला ती दिसायला हवी. मुदत गाडी ताब्यात घेतलीस त्या दिवसापासून मोजतात, तेव्हा सामान लावण्यात सहा महिने घालवू नकोस.

डीलरचा स्वतःचा प्लॅन असेल तर मात्र इथला माणूस बरोबर बोलला.

शार्लटमधली काकू

---

काकूंना दुजोरा. आमच्या डीलरनं "गाडी आहे तोवर ऑइल चेंज फुकट" दिलं होतं. ते त्याच्याच दुकानात. आता ते दुकान साडेसहाशे मैलांवर आहे.

आणखी एक. फुकट म्हणजे वेळापत्रकात लिहिलेलं तेवढंच. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांत पाच हजार मैलांना टायरांच्या जागा आलटून-पालटून बदलतात, तपासणी करतात. ऑइल दहा हजारांना. माझा मेहुणा पाच हजारांनाच ऑइल का नाही म्हणून काउंटरवर भांडून आला. उलट केबिन फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग वगैरे गळ्यात मारायला बघतील, त्याचे पैसे पडतात. सही करण्याआधी "यात माझ्या खिशातून काय जाणार?" एवढं विचार.

---

काकू, दादा, आभार. आणि थोडी लाजही वाटते आहे.

ग्लव्ह बॉक्समध्ये दोन कागद निघाले. कंपनीचा वेगळाच होता. मी नेला होता तो डीलरचा प्रीपेड मेंटेनन्स प्लॅन, म्हणजे आगाऊ पैसे भरून घेतलेली सर्व्हिस. गाडी घेताना फायनान्सच्या खोलीत पंधरा ठिकाणी सह्या केल्या, त्यात हाही गेला! म्हणजे जे फुकट होतं त्यातलं बरंचसं मी पैसे देऊन पुन्हा विकत घेतलं.

आज व्हिन घेऊन दुसऱ्या डीलरकडे गेलो. त्यानं दोन मिनिटांत प्लॅन शोधला. बिल शून्य.

आता प्रीपेडवाला रद्द करायचा आहे. कागदावर लिहिलंय की उरलेल्या मुदतीच्या हिशेबानं पैसे परत मिळतात, पण अर्ज लेखी हवा.

---

लेखीच दे, आणि ओडोमीटरचा फोटो जोड. कर्जावर गाडी असेल तर ते पैसे बहुधा बँकेकडे जातील, तुझ्या हातात येणार नाहीत. हप्ता तेवढाच राहील, मुद्दल कमी होईल.

काकू